बुताआन: फळं खाणारी घोरपड रानात कशी शोधायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरमध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर जाणार आहात, तिथली झाडावर राहणारी आणि फळं खाणारी घोरपड, म्हणजे बुताआन, तुम्हाला रानात बघायची आहे आणि तिचा फोटो काढायचा आहे. हाताशी दहा दिवस आहेत. ओळखीतून मिळालेला वाटाड्या म्हणतो, नुसतं फिरून ती दिसायची नाही. तो कुत्री घेऊन जाईल, एक धरून आणेल, फोटो काढून झाले की सोडून देऊ. हे करावं का? आणि नाही, तर मग काय करावं?

आधी वाटाड्याचं. कृपया नको.

कुत्री मागे लागली की बुताआन जवळच्या झाडावर चढते. मग माणूस तिच्यामागे वर चढतो, नाहीतर फांदी तोडतो, कधी अख्खं झाड आडवं करतो. ती खोडाला धरते तेव्हा नखं सालीत रुतलेली असतात आणि खाली ओढताना ती सुटत नाहीत, उपटतात. मी असा एक प्राणी हाताळला आहे. पुढच्या उजव्या पायाची दोन नखं मुळापासून गेली होती आणि बोटं सुजून घट्ट झाली होती. झाडावर जगणाऱ्या प्राण्याची नखं गेली की तो सुटूनही सुटलेला नसतो. शिवाय फिलिपिन्सच्या २००१ सालच्या वन्यजीव कायद्याप्रमाणे (प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९१४७) परवान्याशिवाय वन्य प्राणी पकडणं, बाळगणं आणि त्याला इजा करणं गुन्हा आहे. फोटो काढून सोडला तरी पकडला होताच. आणि सोडला जाईल याचीही खात्री धरू नका. फळं खाते म्हणून हिचं मांस चांगलं, असं तिथे मानतात, आणि तुमची पाठ वळल्यावर एवढा मोठा प्राणी सहजासहजी सोडला जात नाही.

आता दुसरा भाग. दहा दिवसांत बुताआन दिसेल का? बहुधा नाही. पण ती त्या रानात आहे, कुठल्या झाडावर चढली, काय खाल्लं, साधारण केव्हा खाल्लं, हे तुम्हाला खात्रीने कळू शकतं. मला विचाराल तर तिला ओळखण्याचा हाच खरा रस्ता आहे. डोळ्यांनी दिसली तर ते वरचं देणं.

घोरपड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो उंदीर, बेडूक, अंडी, किडे, मेलेलं ढोर असं जे मिळेल ते खाणारा शिकारी प्राणी. जगातल्या ऐंशीच्या आसपास जातींच्या घोरपडींपैकी बहुतेक सगळ्या तशाच आहेत. मुख्यतः फळांवर जगणाऱ्या जाती फक्त तीन, आणि तिन्ही फिलिपिन्सच्या बेटांवर. बुताआन, शास्त्रीय नाव व्हरॅनस ऑलिव्हेशियस, ही त्यातली सगळ्यात आधी माहीत झालेली. दक्षिण लुझॉन, त्याच्या पूर्वेचं पोलिल्लो आणि कातांदुआनेस हा तिचा मुलूख. पूर्ण वाढलेला नर पावणेदोन मीटरच्या पुढे जातो आणि नऊ किलोही भरतो. म्हणजे तुम्ही काही पानाआडचा सरडा शोधत नाही आहात. एवढं मोठं जनावर, दिवसा हिंडणारं, तरी दिसत नाही.

किती दिसत नाही ते तिच्या इतिहासावरून कळेल. एडवर्ड हॅलोवेल यांनी १८५७ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि त्यानंतर शंभरावर वर्षं विज्ञानाला तिच्याबद्दल जवळपास काहीच समजलं नाही. गावातल्या शिकाऱ्यांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सत्तरच्या दशकात वॉल्टर ऑफेनबर्ग तिच्या मागावर गेले. कोमोडो ड्रॅगनवर मोठं काम केलेले तेच हे संशोधक. दक्षिण लुझॉनमधल्या कारामोआन भागात त्यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ती फळं खाते हे जगाला तिथून नीट कळलं. पण ते कळलं कसं, तर शिकारी आणि कुत्री लावून प्राणी मिळवून, त्यांची पोटं फाडून. त्या काळी पद्धतच तशी होती. पुढे १९९९ पासून डॅनियल बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिल्लोवर उलट्या बाजूने सुरुवात केली: प्राणी न मारता, शक्यतो न धरता, त्याची विष्ठा, त्याचे ओरखडे आणि कॅमेरे यांवरून किती कळतं ते बघायचं. मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सर्वेक्षणात वीसेक वर्षं घालवली, त्यातले काही हंगाम याच पट्ट्यात. पुढे जे सांगतो ते या दुसऱ्या वाटेचं आहे.

ती दिसत का नाही, याचं पहिलं कारण ती राहते तिथेच आहे. उंच झाडांचा शेंडा, खोडातल्या ढोल्या आणि चुनखडीच्या कड्यांतल्या कपारी. जमिनीवर ती उतरते ती बहुतेक एका झाडावरून दुसऱ्याकडे जाण्यापुरती. दुसरं कारण रंग. हिरवट राखाडी अंग, त्यावर गडद आडवे पट्टे. शेवाळलेल्या खोडावर ती डोळ्यांदेखत विरघळते. तिसरं कारण तिचा स्वभाव, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. माणसाची चाहूल लागली की ती पळत नाही. खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि तिथेच चिकटून राहते. तुम्ही झाडाला वळसा घाला, तीही तेवढाच वळसा घालते. पळणारा प्राणी निदान आवाज तरी करतो. हिच्या झाडाखालून तुम्ही बोलत बोलत निघून जाता.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण हजार माणसांमागे नऊशे नव्याण्णव जण इथेच फसतात. लुझॉनमध्ये ओढ्याकाठी, भातखाचरांच्या कडेला, गावाच्या उकिरड्याजवळ तुम्हाला जी मोठी घोरपड दिसेल ती बुताआन नाही. तिला तिथे बायावाक म्हणतात, पाण्याजवळ राहणारी, मांस खाणारी. दोघींतला फरक नाकावर आहे. बायावाकच्या नाकपुड्या गोलसर आणि मुस्कटाच्या टोकाजवळ असतात. बुताआनच्या फटीसारख्या, तिरप्या आणि बऱ्याच मागे, डोळ्याच्या बाजूला सरकलेल्या. दुर्बिणीतून डोकं दिसलं तर आधी नाक बघा, रंग नंतर.

आता फळांकडे येऊ, कारण सगळी किल्ली तिथे आहे. बुताआन फळं खाते ती पिकलेलीच, आणि तीही निवडक झाडांची. उंबर-वडाच्या गोतावळ्यातली काही, भेर्ली माडाच्या जवळची एक, धूपाच्या कुळातल्या कानारियमच्या जाती, आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे केवड्याची. केवडा म्हटल्यावर तुम्हाला वास आठवेल, पण तो वास येतो नरझाडाच्या फुलोऱ्याला. फळ धरतं मादीझाडाला. हे ध्यानात ठेवा, नाहीतर नरझाडाखाली दिवस काढाल. त्या रानातले केवडे आपल्या किनाऱ्यावरच्या झुडपांपेक्षा उंच वाढतात. फळ अननसासारखं, पिकल्यावर केशरी-तांबडं, टोकदार घट्ट फोडींचं बनलेलं. केवड्याच्या कित्येक जातींच्या गरात अळूसारखे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात, कच्चं चाखलं तर जीभ आणि घसा सोलवटून निघतो. बुताआन ते निवांत खाते.

मांसाहारी घराण्यातल्या प्राण्याने फळांवर जगणं सोपं नसतं. तिच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला मोठं अंधांत्र, म्हणजे एका बाजूने बंद अशी पिशवी, आहे, जिथे वनस्पतींचं अन्न जास्त वेळ थांबतं. दातांची गोष्ट तर मला अजूनही नवलाची वाटते. पिल्लाचे दात इतर घोरपडींसारखे अणकुचीदार आणि मागे वळलेले असतात, आणि पिल्लं फळांपेक्षा गोगलगायी आणि किडे जास्त खातात. वय वाढतं तसे ते दात जाऊन त्यांच्या जागी बोथट, खुंट्यांसारखे दात येतात. मोठेपणीही फळांच्या जोडीला शंखाच्या गोगलगायी असतातच, अधूनमधून खेकडा. या खुंट्यांखाली शंख सुपारीसारखा फुटतो.

म्हणून तिची विष्ठा वाचायला शिका. हे मी अगदी मनापासून सांगतो. पहिल्यांदा मला ती दाखवली तेव्हा मी ओलांडून पुढे गेलो होतो. पानांच्या थरावर पडलेला, बोटभर लांबीचा, काळपट लगदा. काडीने उकलल्यावर आत केवड्याच्या कठीण बिया होत्या, एकही चावलेली नाही. बियांच्या मधे तंतूंचा गुंता, एका टोकाला शंखाचे चार-पाच कपचे, आतल्या बाजूने अजून चकाकणारे, आणि सोबत चुन्यासारखा पांढरा खडा. तो पांढरा खडा महत्त्वाचा: सरपटणाऱ्या प्राण्यांचं मूत्र तसं घट्ट पडतं, त्यामुळे माकडाच्या किंवा उदमांजराच्या विष्ठेपासून ही लगेच वेगळी काढता येते. बियांवरून झाड कळतं. तंतू ओले असतील तर कालपरवाची, वरून बुरशी धरली असेल तर जुनी. आणि तो केवडा जवळपास कुठे नसेल, तर बी किती लांबून आली तेही कळतं. मोठ्या बिया गिळून शाबूत बाहेर टाकणारे प्राणी त्या रानात फार थोडे उरले आहेत, त्यामुळे हा लगदा म्हणजे उद्याच्या रानाची रोपवाटिका आहे.

दुसरी खूण ओरखड्यांची. मऊ सालीच्या झाडावर एखादी घोरपड एकदा चढली तर विखुरलेले, उथळ ओरबाडे दिसतात. बुताआन ठरलेल्या झाडावर ठरलेल्या बाजूनेच वरचेवर चढते, त्यामुळे तिथे खोडावर एक पायवाटच तयार होते: हातभर रुंदीचा पट्टा, त्यात खोल, आखूड, एकाखाली एक भोसकल्यासारख्या खुणा. खुणेच्या आतला रंग बघा. फिकट, ओलसर असेल तर ताजी. तांबूस, कडा भरून आलेल्या असतील तर गेल्या हंगामातली. मी तर नखाने हलकेच स्पर्श करून बघतो. ताज्या खुणेतून चीक बोटाला लागतो. मादी केवडा, त्यावर रंग धरू लागलेलं फळ आणि खोडावर ताजी पायवाट, हे तिन्ही एकत्र सापडलं की तुमचं झाड मिळालं.

तिथून पुढचा रस्ता किती अवघड असतो ते मला एका दोऱ्याने शिकवलं. संशोधनाचा परवाना असताना, कुत्र्यांशिवाय, फासाने हलकेच धरलेल्या प्राण्याच्या शेपटीच्या मुळाशी दोऱ्याची छोटी गुंडी बांधतात. दोऱ्याचं टोक झाडाला अडकवून प्राणी सोडला की तो जाईल तसा दोरा मागे उलगडत जातो. दुसऱ्या दिवशी मी तो पांढरा धागा धरून निघालो. जमिनीवर जेमतेम तीस पावलं गेला, मग खोडावर चढला. वर दुर्बिणीने बघितलं तर एका वेलीवरून शेजारच्या झाडावर, तिथून तिसऱ्यावर, आणि मग पानांत गेला तो गेलाच. दिवसभर मान वर करून त्याच तीन झाडांखाली हिंडलो. त्याआधीचे कित्येक दिवस मी जमिनीवर नजर लावून तिला शोधत होतो.

कॅमेरा ट्रॅप न्यायचा विचार असेल तर एक तांत्रिक गोष्ट आधी समजून घ्या. बाजारातले बहुतेक ट्रॅप उष्णतेच्या फरकावर चालतात. भोवतीपेक्षा गरम काहीतरी हललं की कॅमेरा उघडतो. सस्तन प्राण्यांना हे लागू पडतं, पण घोरपडीचं अंग भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. ती कॅमेऱ्यासमोरून सावकाश चालत जाते आणि त्याला पत्ता लागत नाही. ऊन खाऊन नुकती सावलीत आली असेल तरच कदाचित चित्र मिळतं. म्हणून ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेण्याची सोय असलेला कॅमेरा घ्या, दर मिनिटाला एक, फक्त उजेडाचे तास. बॅटऱ्या आणि कार्ड जास्तीचे लागतील. कॅमेरा खोडावरच्या पायवाटेकडे बाजूने रोखा, फळाकडे नको. फळाभोवती पानं हलतात आणि हजारो फोटोंत तीच येतात. आणि फळ पूर्ण पिकायच्या आधी लावा. पिकल्यावर तुमची सततची ये-जा तिला नको असते.

डिसेंबरबद्दल मला काळजी वाटते. लुझॉनच्या पूर्व किनाऱ्याला, पोलिल्लो आणि कातांदुआनेसला, कोरडा ऋतू असा नसतोच, आणि साधारण नोव्हेंबर ते जानेवारी तिथे सगळ्यात जास्त पाऊस पडतो. विष्ठा एका रात्रीत वाहून जाते, ओले चुनखडीचे कडे पायाला धोकादायक होतात, होड्या बंद पडतात. तिकीट बदलता येत असेल तर एप्रिल-मेमध्ये जा. बदलता येत नसेल तर दहातले चार दिवस पावसाला दिले असं धरून चाला आणि एकाच रानात थांबा. दोन बेटं करायच्या नादात दोन्हीकडे काही हाती लागत नाही.

तिच्या दोन बहिणींबद्दल विचारलं नाहीत, पण रानात नाव निघेल म्हणून सांगतो. पनाय बेटावरची काळीभोर माबितांग २००१ मध्ये विज्ञानाच्या नोंदीत आली. उत्तर लुझॉनच्या सिएरा माद्रे डोंगररांगेतली, काळ्या अंगावर सोनेरी-पिवळे ठिपके असलेली बितातावा २०१० मध्ये. ही दोन मीटरपर्यंत वाढते आणि आग्ता व इलोंगोत या तिथल्या आदिवासी लोकांच्या खाण्यात ती कायमचीच होती. संशोधकांना पूर्ण वाढलेला प्राणी मिळाला तोही शिकाऱ्यांकडून. बुताआनच्या मुलखापासून तिचा मुलूख दीडशे किलोमीटरवर, मधे तीन नद्यांची सखल खोरी. रानाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या प्राण्याला एवढं अंतर म्हणजे समुद्रच. आता विचार करा, अशा प्राण्याच्या रानात मधोमध रस्ता किंवा नारळाची बाग आली तर काय होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्सचा निम्म्याहून बराच जास्त भाग रानाखाली होता, आता जेमतेम चौथाईच्या आसपास उरला आहे, आणि सगळ्यात आधी गेली ती सखल भागातली रानं, जिथे बुताआनची फळझाडं होती.

मी स्वतः ती मोकळी, कोणी न हुसकलेली, अशी मोजून पाच वेळा पाहिली आहे. त्यातली एक सांगतो, कारण कशाकडे लक्ष द्यायचं ते त्यातून कळेल. केवड्यापासून वीसेक मीटरवर, झाडाला पाठ टेकून सहा दिवस सकाळी बसत होतो. सातव्या दिवशी नऊच्या सुमारास आधी आवाज आला: सालीवर नखं रुतण्याचा, कोरडा, थांबत थांबत येणारा. चार वेळा टक टक, मग मिनिटभर काही नाही. डोळ्यांनी शोधायला गेलो नाही, आवाजाच्या रेषेत फक्त दुर्बीण धरून ठेवली. आधी जीभ दिसली. मग ते लांबट डोकं, फटीसारखी नाकपुडी. तिने फळाची एक फोड तोंडाने धरून मान झटकली, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा निघाली. डोकं वर करून गिळली, गळ्याखालून ती फोड सरकताना स्पष्ट दिसली. तीन फोडी खाल्ल्या आणि आली तशी पाठमोरी उतरली. मी एकही फोटो काढला नाही, कारण कॅमेरा पिशवीत होता आणि हात हलवायची हिंमत झाली नाही. तुम्ही कॅमेरा आधीच तिकाटण्यावर लावून, रोखून ठेवा.

आता पुन्हा तुमच्या वाटाड्याकडे. त्याला सोडू नका. जो माणूस कुत्री घेऊन बुताआन धरू शकतो त्याला ती कुठल्या झाडावर येते हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि त्या बेटांवरचं सगळ्यात चांगलं काम अशाच माणसांच्या नजरेवर उभं आहे. त्याला म्हणा, दादा, धरून नको, मला फक्त दाखव. ओरखडे दाखव, विष्ठा दाखव, फळाला आलेली मादीझाडं दाखव. कुत्री घरीच राहू देत. पैशांचं पहिल्याच दिवशी ठरवा: रोजची मजुरी पेसोंमध्ये, चांगली, प्राणी दिसो न दिसो तेवढीच. ‘दिसली तर इतके जास्त’ असं चुकूनही बोलू नका. नवव्या दिवशी ती पोत्यातून तुमच्यासमोर येईल, आणि तसं झालं तर ते त्या बोलण्यामुळे झालेलं असेल.

फोटो मिळाला तर तो दाखवताना बेटाचं नाव द्या. गावाचं, ओढ्याचं आणि वाटाड्याचं नाव देऊ नका, आणि फोटोच्या फाईलमधली जागेची नोंद आधी पुसून टाका.